वाढलेला दाब आणि न मोजलेला मेंदू

१२ जून २०१४ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, पंप हाउस क्रमांक २ च्या परिसरात, झोतभट्टीचा वायू शिरला. पाण्याच्या नळवाहिनीतला दाब उतरला आणि वायूशुद्धी यंत्रणेतून वायू उलट्या दिशेने तिथे पोचला. सहा जणांचा मृत्यू झाला. त्यांत उपमहाव्यवस्थापक दर्जाचे दोन अधिकारी होते. झोतभट्टीच्या वायूत साधारण पाचवा ते चौथा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नसतो आणि हिमोग्लोबिनला चिकटून राहण्याची त्याची ताकद ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त असते. या वायूने गुदमरलेल्या माणसाचे हृदय एका ठरावीक क्रमाने थांबते. आधी ऊतींना ऑक्सिजन मिळेनासा होतो, मग शुद्ध हरपते, श्वास आणि ठोके मंदावतात, आणि अखेर विद्युत संदेश चालू असूनही आकुंचनाचे बळ संपते. रोहिण्या आधीच अरुंद झालेला एखादा निवृत्त कामगार बाजारात चालता चालता कोसळतो तेव्हा घडते ते वेगळे. त्याच्या रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो, पण निलयांचे सुसूत्र आकुंचन जाऊन नुसती थरथर उरते. तरीही उपचाराच्या तक्त्यावर दोघांसाठी औषध एकच आहे आणि मात्राही एकच: अ‍ॅड्रेनालिन, एक मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी.

ही एकरूपता प्राण्यांवरील प्रयोगांतून आली. ते प्रयोग निरर्थक होते असे माझे म्हणणे नाही. छातीदाबाचे आजचे तंत्रही कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच हाती आले. चिंता अधिक मर्यादित आहे, आणि म्हणूनच मला ती गंभीर वाटते. रक्तदाब वाढवणारी औषधे ज्या प्राण्यांवर, ज्या प्रकारच्या हृदयबंदीत आणि ज्या मोजमापाच्या आधारे पारखली गेली, ते प्राणी, ती हृदयबंदी आणि ते मोजमाप ही तिन्ही रुग्णाच्या वास्तवापासून दूर होती. या अंतराची किंमत मुख्यतः मेंदूने मोजली, कारण प्रयोग संपेपर्यंत मेंदूकडे पाहण्याची बहुधा गरजच पडत नव्हती.

आधी यंत्रणा समजून घेऊ. छातीदाब कितीही उत्तम दिला तरी हृदयातून बाहेर पडणारे रक्त नेहमीच्या पाव ते एक तृतीयांश एवढेच असते. हृदयाच्या स्नायूला स्वतःचे रक्त मिळते ते दोन दाबांच्या मधल्या क्षणी, छाती वर येते तेव्हा. ते किती मिळेल, हे महाधमनीतला त्या क्षणाचा दाब आणि उजव्या अलिंदातला दाब यांच्यातल्या फरकावर ठरते. अमेरिकेत नॉर्मन पॅराडिस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये १०० रुग्णांत हा फरक प्रत्यक्ष मोजला. ज्यांच्यात तो एकदाही पाऱ्याच्या १५ मिलिमीटरपर्यंत पोचला नाही, त्यांच्यापैकी कोणाचेच हृदय पुन्हा सुरू झाले नाही. अ‍ॅड्रेनालिनच्या आल्फा परिणामाने हातपाय, त्वचा आणि आतड्यांतल्या लहान रोहिण्या आवळतात, महाधमनीतला दाब टिकतो आणि हा फरक वाढतो. बीटा परिणाम मात्र स्नायूला जास्त जोराने आणि जास्त वेगाने काम करायला लावतो, म्हणजेच त्याची ऑक्सिजनची भूक वाढवतो.

बाल्टिमोरमध्ये रेडिंग आणि पिअर्सन यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी कुत्र्यांवर दाखवून दिले की केवळ रोहिण्या आवळणारी मेथॉक्सामिनसारखी औषधेही हृदय परत आणतात, आणि बीटा परिणामाचे आयसोप्रोटेरेनॉल त्या कामी उपयोगी पडत नाही. पुढे ग्राही रोखणारी औषधे वापरून याकाइटिस यांनी १९७९ मध्ये याला दुजोरा दिला. इथवरचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. घसरण होते ती पुढच्या पायरीवर. दाबाचा फरक ही हृदय सुरू होण्याची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. आणि हृदय सुरू होणे ही माणूस शुद्धीवर येण्याची आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. हे दोन्ही भेद प्रयोगशाळेत सर्वांना माहीत होते. पण मोजायला सर्वांत सोपा दाब होता, त्यानंतर सोपे होते हृदय सुरू होणे, आणि संशोधनाचा ओघ सोप्याकडे वळला.

नमुनेदार प्रयोग कसा असतो? तीनचार महिन्यांचे, तीसेक किलोचे निरोगी डुक्कर. त्याला भूल दिलेली, श्वासनलिकेत नळी, महाधमनीत आणि उजव्या अलिंदात दाबमापक. विजेच्या सौम्य प्रवाहाने निलयांची थरथर घडवली जाते, काही मिनिटे काहीही केले जात नाही, मग यंत्राने न थकता, न चुकता छातीदाब सुरू होतो, आणि ठरलेल्या मिनिटाला मध्यवर्ती शिरेतून औषध जाते. हृदय सुरू झाले की काही तास निरीक्षण होते आणि भुलेतच प्राण्याचा शेवट केला जातो. यातला जवळपास प्रत्येक घटक औषधाच्या बाजूने झुकलेला आहे. प्राणी तरुण आहे, त्याच्या रोहिण्यांत मेद साचलेला नाही, मधुमेह नाही, मूत्रपिंडे धड आहेत. ऑक्सिजनने भरलेल्या रक्तातच हृदय थांबवलेले आहे. आयसोफ्लुरेनसारखी भूल स्नायूला आणि मेंदूला आधीच थोडे संरक्षण देऊन ठेवते. सुई शोधण्यात वेळ जात नाही.

वेळेच्या या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे. रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्राण्यांवरील आणि माणसांवरील अभ्यास शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा हृदय थांबल्यापासून पहिल्या औषधापर्यंतचा सरासरी काळ प्राण्यांत ९.५ मिनिटे निघाला आणि माणसांत १९.४ मिनिटे. हा फरक केवळ प्रमाणाचा नाही. पहिल्या काही मिनिटांत रोहिण्यांच्या भिंती आवळण्याचा आदेश पाळतात आणि स्नायूकडे ऊर्जेचा साठा शिल्लक असतो. वीस मिनिटांनंतर आम्लता वाढलेली असते, रोहिण्या तो आदेश नीट पाळत नाहीत आणि ऊर्जेचा साठा संपत आलेला असतो. तिथे तेच औषध जवळजवळ वेगळेच औषध ठरते. लाभाची बाजू क्षीण होते आणि ऑक्सिजनची भूक वाढवणारी बाजू मात्र उरते.

ही हानीची बाजूही प्राण्यांनीच दाखवली होती, हे विसरून चालणार नाही. डिची आणि लिंडनफेल्ड यांनी १९८८ मध्ये कुत्र्यांत दाखवले की अ‍ॅड्रेनालिनने हृदयाच्या स्नायूला रक्त जास्त मिळाले तरी ऑक्सिजनचा पुरवठा आणि मागणी यांचा तोल सुधारत नाही. वानचुन टांग आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये उंदरांत दाखवले की अ‍ॅड्रेनालिनने परत आलेले हृदय नंतर जास्त दुबळे राहते. त्याच परंपरेतल्या रिस्टान्यो यांनी डुकरांच्या मेंदूच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्मवाहिन्या थेट पाहिल्या. दाब वाढलेला असतानाही त्या वाहिन्यांतला प्रवाह अ‍ॅड्रेनालिनने घटत होता. मोठ्या रोहिणीतला दाब आणि पेशीपर्यंत पोचणारे रक्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आल्फा परिणाम त्यांना एकमेकांच्या विरुद्ध दिशांना नेऊ शकतो. इशारा देणारे प्रयोग होते. तक्ते मात्र दाब मोजणाऱ्या प्रयोगांवर बेतले गेले.

मात्रेचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. रेडिंग आणि पिअर्सन यांचे कुत्रे साधारण दहा किलोचे होते आणि त्यांना एक मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनालिन दिले जाई. शस्त्रक्रियेच्या टेबलावर हृदयात थेट टोचण्याची मात्राही त्याच पट्ट्यातली होती. वजनाचा विचार न करता तीच संख्या प्रौढ माणसासाठी स्थिरावली. १९८०च्या दशकात संशोधकांच्या लक्षात आले की किलोमागे पाहता माणसाला कुत्र्याच्या एक सप्तमांश औषध मिळते आहे. डुकरांना किलोमागे ०.२ मिलिग्रॅम दिल्यावर मेंदूकडचा आणि हृदयाकडचा प्रवाह ठळकपणे वाढला. यातून निघालेला निष्कर्ष, की माणसाला आपण कमी औषध देतो आहोत, त्या वेळी अत्यंत तर्कशुद्ध वाटला असणार.

मग चाचण्या झाल्या. १९९२ मध्ये ब्राउन यांनी १,२८० आणि स्टिएल यांनी ६५० रुग्णांवर उच्च मात्रा तपासली. दोन्हींत जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. १९९८ मध्ये युरोपात ग्युन्यो यांच्या ३,३२७ रुग्णांच्या चाचणीत पाच मिलिग्रॅमच्या मात्रेने हृदय सुरू होण्याचे प्रमाण ३६.४ वरून ४०.४ टक्क्यांवर गेले, पण दीर्घकाळ जगण्यात काही फरक पडला नाही. प्रयोगशाळेने दिलेले वचन अगदी अक्षरशः खरे ठरले होते. हृदये जास्त सुरू झाली. त्यापलीकडचे वचन प्रयोगशाळेने कधी दिलेच नव्हते.

२००४ मध्ये साओ पाउलोहून आलेला निकाल आणखी कठोर होता. रुग्णालयातच हृदय थांबलेल्या आणि पहिल्या नेहमीच्या मात्रेनंतरही न परतलेल्या ६८ मुलांपैकी निम्म्यांना पुढची मात्रा उच्च दिली गेली. चोवीस तासांनंतर उच्च मात्रेच्या ३४ मुलांपैकी एक जिवंत होते, नेहमीच्या मात्रेच्या ३४ पैकी सात. ज्यांचे हृदय गुदमरल्यामुळे थांबले होते, त्यांच्यात हा फरक सर्वांत तीव्र होता: उच्च मात्रेच्या बारांपैकी एकही नाही, नेहमीच्या मात्रेच्या अठरांपैकी सात. या चाचणीच्या आठ वर्षे आधी, १९९६ मध्ये, अ‍ॅरिझोनात बर्ग आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या पिलांची हृदये विजेऐवजी गुदमरवून थांबवली होती, आणि उच्च मात्रेनंतर हृदय परतलेल्या पिलांत बेफाम वेगाचे ठोके, अतिउच्च दाब आणि पहिल्या काही तासांतले मृत्यू नोंदवले होते. प्राण्याने उत्तर दिलेले होते. प्रश्न योग्य विचारला की प्राणी योग्य उत्तर देतो, याचा इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात क्वचितच सापडतो. आणि विजेने थांबवलेल्या हृदयांच्या डझनावारी प्रयोगांपुढे तो एकटा पडला.

व्हॅसोप्रेसिनची कथा याच वळणाची आहे. त्याला बीटा परिणाम नाही आणि आम्लतेतही ते रोहिण्या आवळते, त्यामुळे अ‍ॅड्रेनालिनचे दोन्ही दोष टाळणारे औषध म्हणून जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या डुकरांवरच्या प्रयोगांत ते चमकले. एक जैविक गुंता मात्र होता: डुकराच्या शरीरातले नैसर्गिक व्हॅसोप्रेसिन माणसापेक्षा वेगळे असते, त्यात आर्जिनिनच्या जागी लायसिन असते, आणि प्रयोगात टोचले जाई ते माणसाचे. २००४ मध्ये वेन्झेल यांच्या १,१८६ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही औषधे एकूणात सारखीच ठरली. पूर्ण थांबलेल्या हृदयांच्या उपगटात थोडी आशा दिसली, ती पुढे टिकली नाही. २०१५ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने व्हॅसोप्रेसिन आपल्या तक्त्यातून काढले. तरी स्टेरॉइडच्या जोडीने ते परतले. डेन्मार्कच्या २०२१ च्या चाचणीत त्या जोडीने हृदय सुरू होण्याचे प्रमाण वाढले. तीस दिवसांनी जिवंत असणाऱ्यांचे नाही. तोच आकृतिबंध तिसऱ्यांदा.

अ‍ॅड्रेनालिनची खुद्द मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी पुरेशा मोठ्या चाचणीत तुलना होण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले, म्हणजे क्राइल आणि डॉली यांच्या १९०६ च्या कुत्र्यांवरील प्रयोगांनंतर शतकाहून अधिक काळ. ब्रिटनमधल्या ८,०१४ रुग्णांच्या या चाचणीत अ‍ॅड्रेनालिन मिळालेल्यांपैकी ३६.३ टक्क्यांचे हृदय सुरू झाले, न मिळालेल्यांपैकी ११.७ टक्क्यांचे. तीस दिवसांनी जिवंत होते अनुक्रमे १३० आणि ९४ जण, म्हणजे ३.२ आणि २.४ टक्के. हा लाभ लहान असला तरी खरा आहे, तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण रुग्णालयातून बाहेर पडलेल्यांत मेंदूची गंभीर हानी झालेल्यांचे प्रमाण अ‍ॅड्रेनालिनच्या गटात ३१ टक्के होते आणि दुसऱ्या गटात १७.८ टक्के. औषधाने वाचवलेल्या जादा माणसांपैकी मोठा वाटा अंथरुणाला खिळलेल्यांचा किंवा रोजच्या गरजांसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणाऱ्यांचा होता. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात अ‍ॅड्रेनालिन कायम राहिले, आणि ज्या हृदयांना विजेचा झटका लागू पडत नाही तिथे ते लवकरात लवकर द्यावे असे सांगितले गेले. उपलब्ध पुराव्यावर तो निर्णय मला समर्थनीय वाटतो. सूक्ष्मवाहिन्यांचे निरीक्षण पाठ्यपुस्तकाच्या मुख्य मजकुरात न राहता तळटीपेत का राहिले, हा प्रश्न मात्र त्याने मिटत नाही.

प्राण्यांना विचारलेला प्रश्न आणि रुग्णाचे वास्तव यांतले हे अंतर भारताला नवे नाही. १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या हैदराबादेत, ज्या राज्यात तेव्हा मराठवाडाही होता, क्लोरोफॉर्मने होणारे मृत्यू समजून घेण्यासाठी दोन आयोग बसले. ब्रिटिश रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचा आग्रह होता की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून भूल देणाऱ्याने श्वासाकडे लक्ष ठेवले की पुरे. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले, शेकडो प्राणी वापरले गेले, आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने लागला. प्रयोग कष्टपूर्वक केलेले होते, मोजमापे खरी होती. पण प्राण्यांना क्लोरोफॉर्म वाढत्या प्रमाणात श्वास थांबेपर्यंत दिले जात होते, आणि माणसे मरत होती ती अनेकदा अर्धवट भुलेत, घाबरलेल्या अवस्थेत, अगदी सुरुवातीला. १९११ मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांना हलके क्लोरोफॉर्म देऊन अ‍ॅड्रेनालिन टोचले आणि निलयांची प्राणघातक थरथर घडवून दाखवली. हैदराबादच्या प्राण्यांनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना विचारलेला प्रश्न दवाखान्यातला नव्हता, आणि मधल्या दोन दशकांत श्वासावर नजर ठेवून नाडीकडे दुर्लक्ष करण्याला विज्ञानाचा आधार मिळाला.

आता पुन्हा कार्बन मोनॉक्साइडकडे. या विषबाधेत हृदय थांबले की दाबाच्या फरकाचे गणितच अपुरे पडते. फरक वाढवून स्नायूकडे रक्त जास्त ढकलता येईल, पण त्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा मोठा भाग कार्बन मोनॉक्साइडने अडवलेला असतो, आणि उरलेला भागही ऑक्सिजन सहजासहजी सोडत नाही. पेशींच्या आतली ऑक्सिजन वापरणारी विकरेही बाधित झालेली असतात. अशा स्नायूवर बीटा परिणामाचा चाबूक ओढला तर मागणी वाढते, आणि पुरवठ्याची कमाल मर्यादा आधीच खाली आलेली असते. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मालिकेत, कार्बन मोनॉक्साइडने हृदय थांबून पुन्हा सुरू झालेल्या आणि नंतर उच्चदाब ऑक्सिजन मिळालेल्या अठराही रुग्णांचा अखेर मृत्यू झाला. हृदय सुरू होणे आणि माणूस वाचणे यांतली दरी याहून रुंद क्वचितच दिसेल. झोतभट्ट्या, कोक ओव्हन आणि त्यांच्या वायूवाहिन्या ज्या शहराच्या मध्यभागी आहेत, तिथे ही बाब अपवाद म्हणून सोडून देता येत नाही.

भिलाईच्या लोकसंख्येचा दुसरा पदरही तितकाच महत्त्वाचा आहे. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. नोकरीसाठी देशभरातून, विदर्भातूनही, आलेल्या पिढीने आणि तिच्या मुलांनी सेक्टरांत आयुष्य काढले, आणि आज त्यांच्यापैकी अनेक जण सत्तरीच्या पुढे आहेत. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्या, बीटा रोखणारे औषध रोज घेणाऱ्या या माणसाचे रोहिणीजाल तीन महिन्यांच्या डुकरासारखे वागेल असे गृहीत धरायला कोणताही आधार नाही. शिवाय इथे विलंबाचा भाग मोठा आहे. १०८ ला फोन लागणे, जिना, वाहतूक, सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयाचा किंवा दुर्ग-रायपूरकडचा रस्ता, हे सगळे जमेस धरता औषध शिरेत जाते ते प्राण्यांच्या नवव्या-दहाव्या मिनिटाच्या बरेच पुढे. भूलतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेने २०१७ मध्ये सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाची पद्धत सुचवली. ती शिकवायला सोपी आहे, आणि अचानक कोसळलेल्या माणसासाठी योग्य आहे. पण तिच्या मागेही मुख्यतः अचानक थरथर सुरू झालेल्या डुकरांचेच प्रयोग आहेत. वायूने गुदमरलेल्या कामगाराला मोकळी हवा, श्वास आणि ऑक्सिजन यांची गरज पहिल्या मिनिटापासून असते.

प्रयोग सदोष राहतात याचे एक कारण मला विशेष अस्वस्थ करते, कारण ते दुष्ट हेतूतून आलेले नाही; ते चांगल्या हेतूतून आले आहे. प्राणी भुलेत असतानाच प्रयोग संपवला तर त्याला यातना होत नाहीत, म्हणून नैतिक समितीला असा प्रस्ताव सौम्य वाटतो आणि तो लवकर मंजूर होतो. रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण असलेले मोजमाप, म्हणजे तिसऱ्या दिवशी मेंदू कसा आहे, हवे असेल तर मेंदूला इजा झालेला प्राणी जागा करावा लागतो, त्याला झटके येऊ शकतात, रात्रंदिवस शुश्रूषा लागते, आणि खर्च व वेदना दोन्ही वाढतात. यातना कमी करण्याचे तत्त्व अशा रीतीने संशोधनाला अल्पकालीन मोजमापाकडे ढकलते. त्या मोजमापातून चुकीची औषधे पुढे जातात, माणसांवरच्या चाचण्यांत अपयशी ठरतात, आणि मग नव्या औषधासाठी पुन्हा तितकेच प्राणी. एका प्राण्याची वेदना वाचवून शंभर प्राण्यांचा मृत्यू व्यर्थ घालवणे ही नैतिक बचत नाही. या कोंडीला सोपे उत्तर नाही, पण ती कोंडी आहे एवढे तरी प्रस्तावाच्या पानावर लिहिले गेले पाहिजे.

भारतात १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांना संस्थेच्या समितीपलीकडे केंद्रीय समितीची परवानगी लागते. २०२३ मध्ये औषध चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशीसंवर्धन, काचपट्टीवरचे अवयव आणि संगणकीय प्रारूपे यांनाही प्राण्यांच्या जागी मान्यता मिळाली. त्याचे स्वागतच करायला हवे. पण थांबलेले रक्ताभिसरण, छातीदाबाने चालणारे अपुरे रक्ताभिसरण आणि त्यातून सावरणारा मेंदू ही संपूर्ण शरीराची घटना आहे, आणि तिचे प्रारूप काचपट्टीवर उभे राहण्याची शक्यता नजीकच्या काळात दिसत नाही. म्हणून हे क्षेत्र प्राण्यांवर शेवटपर्यंत अवलंबून राहणाऱ्यांपैकी असेल. संख्या कमी करण्याचे दडपण वाढेल आणि मोजमाप तेच राहील, तर कमी प्राण्यांतून आणखी डळमळीत पुरावा, अशी अवस्था येईल.

यात शिक्षणाचाही वाटा आहे. आपल्या वैद्यकीय आणि औषधनिर्माण महाविद्यालयांत अनेक पिढ्यांनी भूल दिलेल्या कुत्र्याचा रक्तदाब काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर उमटताना पाहिला. अ‍ॅड्रेनालिन टोचले की रेघ झपकन वर जाई. ते प्रयोग २०१४ पर्यंत वैद्यकीय अभ्यासक्रमातून हटवण्याच्या दिशेने निर्णय झाले आणि संगणकावरच्या प्रतिकृती आल्या. पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये आर. रवींद्रन यांनी तयार केलेली एक्सफार्म ही त्यातली सर्वपरिचित. कुत्र्यांची सुटका झाली हे योग्यच. पडद्यावरची रेघ मात्र तशीच वर जाते, आणि वर गेलेली रेघ म्हणजे परिणाम ही समजूत तिच्याबरोबर पुढे जाते. त्याच पडद्यावर मेंदूच्या सूक्ष्मवाहिन्यांतला घटणारा प्रवाह दुसऱ्या रेघेने दाखवायला कोणत्याही प्राण्याची गरज नाही.

पुढच्या दशकात अ‍ॅड्रेनालिनचे पर्याय येतील: नॉरअ‍ॅड्रेनालिन, बीटा रोखणाऱ्या औषधांची जोड, दाब मोजून मिनिटामिनिटाला बदलत्या मात्रा. प्रत्येकाच्या मागे डुकरांतली सुबक आलेखचित्रे असतील. परवानगी देणाऱ्या समितीने आणि ते लेख वाचणाऱ्या डॉक्टरांनी आधी पाहावे ते असे: हृदय विजेने थांबवले की गुदमरवून, औषध कोणत्या मिनिटाला दिले, प्राणी वयस्क, मधुमेही, रोहिण्या कठीण झालेले होते का, निरीक्षण करणाऱ्याला कोणाला काय दिले हे ठाऊक होते का, आणि प्राणी जागा झाला का. पोलाद कारखान्याच्या शहरासाठी आणखी एक: कार्बन मोनॉक्साइडने भरलेल्या रक्तात हे औषध कधी तपासले गेले का, आणि ऑक्सिजन शंभर टक्के दिला असता त्याचा मेंदूवर वेगळा परिणाम दिसला का. ज्या प्रस्तावाला यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याला प्राणी देऊ नयेत.

आणि प्राण्यांशिवायही बरेच करता येईल. एका शहरातल्या रुग्णालयांनी आणि १०८ ने मिळून प्रत्येक हृदयबंदीची चार पाच नोंदी असलेली वही ठेवली: कारण काय होते, छातीदाब कधी सुरू झाला, पहिली मात्रा कधी गेली, एकूण मात्रा किती, आणि तीस दिवसांनी रुग्ण स्वतःच्या हाताने जेवतो का, तर काही वर्षांत भिलाईला स्वतःच्या माणसांबद्दल जे कळेल, ते दूरदेशीच्या डुकरांकडून कळणे शक्य नाही. ही नोंद ठेवायला औषध लागत नाही. लागते ती मृत्यूचे खरे कारण लिहिण्याची मुभा, आणि वायूगळतीच्या बाबतीत ती मुभा देणे कारखान्याच्या, रुग्णालयाच्या आणि सरकारच्या हातात आहे.